टाकी फुल्ल केली की गाडी रुसते: पर्ज व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमच्या नळ्या कशा तपासायच्या

पिंपळगाव बसवंतचे अण्णा, म्हणजे माझे मामेभाऊ, मे महिन्यात नाशकात आले ते चिडूनच. गाडी सात वर्षांची, पेट्रोलची, छोटी हॅचबॅक. एरवी चावी फिरवली की सुरू. पण पंपावर टाकी फुल्ल केली की पुढची पाच-दहा मिनिटं नुसती खॅक-खॅक. त्या दिवशी हायवेच्या पंपावर मागे ट्रकची रांग, आणि अण्णा सेल्फवर सेल्फ मारतायत.

"इथेनॉलनं वाट लावली गाडीची," हा त्यांचा निकाल. तोवर गावाकडच्या एका गॅरेजात प्लग बदलून झाले होते, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून झाला होता आणि आता टाकीतला फ्युएल पंप बदला असा सल्ला मिळाला होता.

मी दोनच गोष्टी विचारल्या. अर्धी टाकी असताना असं होतं का? "नाही ना. भरल्यावरच." आणि एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर? "तर होते की सुरू. जरा काळा धूर टाकते, पेट्रोलचा वास येतो, मग नीट चालते."

फ्युएल पंप खराब असता तर त्याला टाकी भरलेली की अर्धी याच्याशी काय देणंघेणं? टाकी भरण्याशी थेट नातं असलेली गाडीत एक वेगळीच यंत्रणा असते. तिच्याबद्दल गाडीवाले सोडाच, कित्येक मेकॅनिकही बोलत नाहीत. सध्या पेट्रोल गाडीचं काहीही बिघडलं की बोट इथेनॉलकडे जातं, म्हणून ही यंत्रणा नीट समजून घेऊ.

टाकीतली वाफ जाते कुठे?

पेट्रोल सतत उडत असतं. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात लावलेल्या गाडीच्या टाकीत वाफेचा दाब चांगलाच वाढतो. फार जुन्या गाड्यांमध्ये ही वाफ सरळ हवेत सोडून देत. पेट्रोलही वाया आणि हवाही खराब. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७० च्या सुमारास ही वाफ अडवायला लावली. आपल्याकडच्या नियमातही गाडी बंद खोलीत ठेवून, ऊन-रात्रीचं तापमान कृत्रिमपणे फिरवून, तिच्यातून किती वाफ निसटते ते मोजतात. मर्यादा आहे एका चाचणीला २ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या गाडीनं मिळून चमचाभर पेट्रोलसुद्धा हवेत सोडायचं नाही.

मग वाफ ठेवायची कुठे? कोळशाच्या डब्यात. त्याला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा खास प्रक्रिया केलेला असतो, त्याच्या दाण्यादाण्यात सूक्ष्म भोकं. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग पसरला तर हजारेक चौरस मीटर भरतो. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर चार ग्रॅम कोळशात एक एकर. फ्रिजमध्ये वास धरायला कोळसा ठेवतात ना, तेच तत्त्व. टाकीतली वाफ नळीनं डब्यात येते आणि कोळशाला चिकटून बसते.

पण डबा कधीतरी भरणारच. तो रिकामा करायचं काम इंजिन करतं. इंजिन चालू असताना ते हवा ओढत असतं. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असली की आत जोरदार ओढ तयार होते. स्ट्रॉचं तोंड बोटानं अर्धवट दाबून ऊसाचा रस ओढायला गेलात तर गाल आत जातात, तसं. या ओढीलाच व्हॅक्यूम म्हणायचं. या ओढीवर कोळशात अडकलेली वाफ इंजिनात खेचली जाते आणि जळून जाते. फुकटचं पेट्रोल.

ठिबकचा सोलेनॉइड आणि हा व्हॉल्व्ह

ही ओढ चोवीस तास मोकळी सोडून चालत नाही. इंजिन गार असताना किंवा सुरू होताना वाफ आत गेली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडतं. म्हणून कोळशाचा डबा आणि इंजिन यांच्या मध्ये एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तोच पर्ज व्हॉल्व्ह.

अण्णांना हे समजावायला मला काही करावं लागलं नाही. त्यांच्या द्राक्षबागेत ऑटोमेशनचं ठिबक आहे. कंट्रोलरनं वीज दिली की त्या प्लॉटचा सोलेनॉइड उघडतो, वीज गेली की बंद. पर्ज व्हॉल्व्ह त्याचाच धाकटा भाऊ: काळा, प्लास्टिकचा, लिंबाएवढा, दोन नळ्यांची तोंडं आणि दोन पिनांचं कनेक्टर. कंट्रोलरच्या जागी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू. फरक एवढाच की बागेतला व्हॉल्व्ह एकदा उघडला की तासभर उघडा राहतो, आणि हा सेकंदाला अनेक वेळा टिक-टिक करत उघडमीट करतो. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, या प्रमाणावर वाफ मोजून सोडली जाते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे: वीज नसेल तेव्हा हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा.

तो उघडा राहिला तर?

टाकीत पेट्रोल ओतलं की आतली वाफ बाहेर ढकलली जाते आणि कोळशाच्या डब्यात घुसते. म्हणजे पंपावरून निघताना डबा सगळ्यात जास्त भरलेला. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असेल, तर सेल्फ मारल्याबरोबर ती सगळी वाफ इंजिनात. वर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं पेट्रोल आहेच. मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगी पडूनही पेटत नाही.

आणि एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर का सुरू होते? थ्रॉटल सताड उघडल्यानं ओढ कमी होते आणि हवा भरपूर येते. शिवाय बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत सेल्फ मारताना एक्सलरेटर तळापर्यंत दाबलेला दिसला की ईसीयू समजतो, इंजिन पेट्रोलनं भिजलंय, आणि इंजेक्टर तात्पुरते बंद करतो. अण्णांनी अनुभवानं शोधलेली युक्ती कंपनीनंच आत घालून ठेवलेली होती.

उघड्या व्हॉल्व्हची इतर लक्षणं म्हणजे स्लोला (एक्सलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) रेस कमी-जास्त होणं, सिग्नलला थरथर, पेट्रोलचं झाकण उघडताना हवा आत खेचली जाण्याचा आवाज. उलट व्हॉल्व्ह बंदच अडकला तर गाडी मजेत चालते. फक्त डबा कधी रिकामा होत नाही, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत राहतो आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

"पण हे सगळं इथेनॉलमुळेच ना?"

थोडं हो, बरंचसं नाही. नुसतं इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं. पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की दोघांच्या मिश्रणाचा वाफेचा दाब उलट वाढतो. ही वाढ दहा टक्क्यांच्या आतबाहेर सर्वात जास्त असते आणि वीस टक्क्यांना किंचित उतरते. म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल दहावरून वीस टक्क्यांवर आल्यामुळे टाकीत वाफेचा पूर आला, हे म्हणणं टिकत नाही. मायलेजची तक्रार वेगळी आणि ती खरी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणारच.

रबराचं काय? जुन्या गाड्यांतलं काही रबर इथेनॉलनं फुगतं किंवा कडक होतं, हे खरं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत रबर-प्लास्टिक वीस टक्के मिश्रणाला चालेल असं घातलेलं असतं. त्याआधीची गाडी असेल तर नळ्यांकडे जरा जास्त लक्ष द्या. मात्र इथेनॉलला शिव्या घालून व्हॉल्व्ह बंद होत नाही. तो तपासावा लागतो.

इंजिन चालू ठेवून पहिली तपासणी

सकाळी करा, इंजिन गार असताना. बिडी-सिगरेट, देवासमोरची उदबत्ती, काही जवळ नको. गाडी उघड्यावर लावा. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू शकतो, तेव्हा गळ्यातला गमछा, उपरणं, सैल बाही बाजूला.

पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इंजिनच्या हवेच्या मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा वाटून नेणाऱ्या पाइपांवर) किंवा त्याच्या शेजारी असतो. त्याची एक नळी मॅनिफोल्डला जाते, दुसरी कोळशाच्या डब्याकडे. ब्रेक बूस्टरची जाड नळी याच भागातून जाते, तिला हात लावू नका. काही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी दरवेळी काढतो, आणि दरवेळी उपयोगी पडतो.

आता गाडी सुरू करा. डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा. गार इंजिनला, स्लोवर, बोटाला ओढ लागता कामा नये. लागली तर व्हॉल्व्हचं कनेक्टरही काढून बघा. ओढ थांबली तर व्हॉल्व्ह शाबूत आहे आणि दोष वायरिंग किंवा ईसीयूच्या बाजूचा. वीज तोडूनही ओढ तशीच असेल तर व्हॉल्व्ह आतून उघडा अडकलाय. कनेक्टर काढल्यानं चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरू नका, तो स्कॅनरनं घालवता येतो.

इंजिन तापल्यावर मात्र बोटाला टप-टप ओढ लागली तर ते बरोबरच आहे. व्हॉल्व्ह काम करतोय. लोक गरम इंजिनवर तपासतात, ओढ लागली की व्हॉल्व्ह गेला म्हणतात आणि चांगला भाग फेकून देतात. टर्बो गाडी असेल तर हा भाग सोडा. तिच्यात वाफेचे दोन रस्ते आणि मध्ये एकदिशा झडपा असतात, तिचं मॅन्युअल बघूनच पुढे जावं.

व्हॉल्व्ह हातात घेऊन

अण्णांच्या गाडीला गार इंजिनवर ओढ लागली, कनेक्टर काढूनही लागली. मग गाडी बंद करून व्हॉल्व्ह काढला. एक बोल्ट, दोन क्लिपा, पाच मिनिटांचं काम.

गवंडी लेव्हल धरायला पारदर्शक नळी वापरतात, तिचा नवा तुकडा व्हॉल्व्हच्या एका तोंडाला लावून फुंकर मारली. तोंडानं ओढून बघायचं नाही. पेट्रोलची वाफ छातीत घ्यायची वस्तू नाही. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये फुंकर अडते, गाल फुगतात. इथे हवा आरपार गेली, बासरीतून जावी तशी.

मग १२ व्होल्टच्या बॅटरीवरून दोन वायरी, मध्ये फ्यूज टाकून, क्षणभर लावल्या. ठिणगी उडू शकते, म्हणून हे काम गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब, ओट्यावर. चांगला व्हॉल्व्ह "टक" करून उघडतो आणि वीज काढली की "टक" करून मिटतो. हा टक-टक करत होता, पण मिटत नव्हता. मल्टिमीटरनं कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, २६ ओहम. बऱ्याच गाड्यांत तो वीस ते पस्तीसच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. म्हणजे वीज ठीक, कॉइल ठीक. दोष आतल्या झडपेत.

पांढऱ्या कागदावर व्हॉल्व्ह उलटा करून हलकेच ठोकला. मोहरीहून बारीक, काळे दाणे पडले. सात-आठ. अण्णा म्हणाले, "हे काय, उंदराच्या लेंड्या?" नाही, कोळसा. कॅनिस्टरमधला. एक दाणा झडपेच्या बैठकीवर बसला की झडप कशी मिटणार? ठिबकच्या सोलेनॉइडमध्ये वाळूचा खडा अडकला की प्लॉटला रात्रभर पाणी सुटतं, तेच इथे झालं होतं.

इथे नवा व्हॉल्व्ह टाकून गाडी परत देणारे बरेच. पण कॅनिस्टर कोळसा ओकतोय तर महिन्याभरात नवा व्हॉल्व्हही अडकणार. कोळसा बाहेर का आला, याचं उत्तर अण्णांच्या सवयीत होतं. पंपावर नोझल "टक" करून थांबलं की ते म्हणतात, "राउंड फिगर करा." पहिल्या टकनंतर घातलेलं पेट्रोल टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागा भरतं आणि वाफेच्या नळीतून थेट डब्यात जाऊ शकतं. वाफ धरायचा कोळसा द्रव पेट्रोलनं भिजतो आणि दाणे धरून ठेवणारी आतली जाळी कुजते.

नळ्या: इथे खरी चिकाटी लागते

व्हॉल्व्ह चांगला निघाला तरी काम संपत नाही. बॉनेटखाली रबरी नळ्यांचं जाळं असतं. त्यातली एक फाटली की इंजिन न मोजलेली हवा ओढतं. स्ट्रॉला मध्येच चीर पडल्यासारखं: ओढता, पण रसापेक्षा हवा जास्त येते.

आधी डोळे, मग बोटं. नळी मधे क्वचित फाटते, फाटते ती टोकाच्या शेवटच्या इंचभरात, जिथे ती गरम पाइपावर चढवलेली असते. टोक वाकवून बघा, बारीक केसासारख्या भेगा उघडतात. कडक, लाकडासारखी झालेली नळी बाद. तेलानं भिजून लिबलिबीत झालेली नळीही बाद, कारण ती ओढ लागली की आतल्या आत चिकटते आणि बंद होते. गाडी पेट्रोल पिते पण कुठेच गळती दिसत नाही, अशा केसमध्ये ही लिबलिबीत नळी मी दोनदा बघितलीय. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्यांचं वेगळं सांगायला नको. बागेत खारी ठिबकची लॅटरल नळी फोडतात, पार्किंगमध्ये उंदीर.

नंतर कान. गाडी स्लोवर ठेवून, हातभर नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं संशयाच्या जागी फिरवा. चीर असेल तिथे सुस्स आवाज स्पष्ट येतो. शेवटी चिमटा: एकेक नळी कापड गुंडाळलेल्या पक्कडीनं हलकेच दाबा. एखादी दाबल्यावर रेस सुधारली तर गळती तिच्याच रस्त्यावर, दाबलेल्या जागेच्या पलीकडे.

साबणाचं पाणी इथे कामाचं नाही. पंक्चर काढताना हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे दिसतात. इथे हवा आत जाते. कार्ब क्लीनर फवारून रेस बदलते का बघायची पद्धत सर्रास चालते, पण तो फवारा पेट घेतो, गरम इंजिनवर मी ती कुणालाच सुचवणार नाही. आणि टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर टाकीकडच्या नळ्यांना कधीही लावू नका. त्या नळ्या, टाकी आणि डबा एवढ्या दाबासाठी बनलेले नसतात. गळती सापडतच नसेल तर स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. त्यात एक पीएसआयच्या आतबाहेरच्या दाबानं धूर सोडतात आणि धूर जिथून निघेल तिथे चीर.

बदलायची नळी पेट्रोलची वाफ सोसणारीच घ्या. अण्णांनी लगेच गाडीच्या डिकीतून ठिबकची मायक्रो ट्यूब काढली होती. माप अगदी बसत होतं. पण ती इंजिनच्या उष्णतेला मऊ पडते आणि वाफेपुढे टिकत नाही.

मीटर आणि स्कॅनर असेल तर

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांसाठी एक स्थानिक सूचना. पुस्तकांत चांगल्या इंजिनचा स्लोवरचा आकडा १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) असा दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंच. इथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे गेज मुंबईपेक्षा सुमारे दोन इंच कमी दाखवणार. कसारा चढून आल्यावर इंजिन म्हातारं होत नाही.

ब्लूटूथचा स्कॅनर लावला तर पी ०४४१ हा कोड वाफेचा प्रवाह चुकतोय म्हणून येतो आणि पी ०४४३ व्हॉल्व्हच्या विजेच्या वाटेत दोष आहे म्हणून. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि नळी फाटली की हाच कोड येतो असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. हवा थेट मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तसं होतं. पण आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. तिथे नळी फाटली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं हवा जास्त आलीय, आणि ते पेट्रोलही वाढवतं. कोड बहुधा येतच नाही, नुसती स्लोची रेस चढलेली राहते. कोड नाही म्हणून नळ्या ठीक, असं धरून चालू नका.

"काढूनच टाकला तर?"

काही जण व्हॉल्व्हची नळी बोल्ट ठोकून बंद करून देतात. गाडी सुरू व्हायला लागते, गिऱ्हाईक खूश. पीयूसीतही काही दिसत नाही, कारण ती तपासणी सायलेन्सरच्या धुराची असते. पण डबा कधीच रिकामा होत नाही. तो भरला की वाफ हवेत, म्हणजे बंद पार्किंगमध्ये, तुमच्या नाकाशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. पंपाहून घरी न्यायला तात्पुरती सोय म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर आणखी एक बघा. किटवाल्यानं रिड्यूसरसाठी (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागासाठी) व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून घेतलेली असते. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या गळत्या त्या टीवरच होत्या. डिझेल गाडीत पर्ज व्हॉल्व्ह नसतोच, डिझेल तितकं उडत नाही.

अण्णांच्या गाडीला नवा व्हॉल्व्ह बसवला, डब्याकडची नळी दोन्ही बाजूंनी सोडवून फुंकून घेतली, त्यातून आणखी चिमूटभर कोळसा निघाला. कोड पुसला. मग मुद्दाम पंपावर जाऊन टाकी पहिल्या टकपर्यंत भरली, दहा मिनिटं चहा घेतला आणि चावी फिरवली. पहिल्या सेल्फला सुरू. पेट्रोलचा वास मात्र गेला नाही. भिजलेला कोळसा काही सुकून पूर्ववत झाला नाही, आणि जूनमध्ये द्राक्षाच्या काड्यांची कामं आटोपल्यावर कॅनिस्टरही बदलावा लागला.